दावेसाहेबांना गाडी मिळत नव्हती

विमानातून उतरल्यापासून बाई घड्याळाकडे बघत होत्या आणि साहेब बॅगांच्या कुलपांकडे.

बाई म्हणजे भूगोलाच्या बाई. शाळा सुटून बरीच वर्षं झाली, तरी सगळी कॉलनी त्यांना बाईच म्हणायची. साहेब विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासायचे, म्हणून ते दावेसाहेब. हे नाव लोक त्यांच्या तोंडावर घ्यायचे आणि त्यांना ते आवडायचं. वर्गातल्या पोरांना बाईंनी अख्खी पृथ्वी फिरवून आणली होती, पण नवऱ्याबरोबर घराबाहेर पडल्यावर कोणत्या वळणावर वळायचं, हे एकदाही ठरवलं नव्हतं. गाडी साहेब ठरवायचे, रस्ता साहेब ठरवायचे, आणि कुठे थांबून चहा प्यायचा हेही. बाईंनी त्यावर कधी फारसा वाद घातला नव्हता. एवढ्यातेवढ्यावरून कुठे डोकं लावायचं?

आज मात्र एवढंतेवढं नव्हतं. दुपारी एक वाजता त्यांच्या एकुलत्या एक लेकीला ऑपरेशनसाठी आत नेणार होते.

लेकीला घरात ठमी म्हणत. ती या शहरात राहायची आणि नणंदेबरोबर पुस्तकं बांधायचा कारखाना चालवायची. कारखाना कसला, दोन खोल्या, एक दाबयंत्र आणि कागदाचे गठ्ठे. नणंद वयानं मोठी, ठमी तिला ताई म्हणायची. गेल्या वर्षी ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. भावाची जुळेना. ठमीची जुळली. तिनं ते फोनवर असं सांगितलं, जसं काही शेजाऱ्यांना जास्तीची खुर्ची द्यायची आहे.

"आई, ताईंना मी देतेय."

बाई महिनाभर लेकीशी भांडल्या. रडल्या, ओरडल्या, दोन दिवस फोन घेतला नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच केला. शेवटी ठमी म्हणाली, "तुझं सगळं ऐकलं गं आई. तरी देणार." मग बाई हरल्या, आणि हरल्यावर त्यांनी माळ्यावरून प्रवासाची बॅग काढली. साहेब मात्र भांडले नाहीत. ते फोनवर म्हणाले, "तुझा निर्णय आहे बेटा. फार थोर विचार आहे." आणि कुंड्यांना पाणी घालायला गॅलरीत गेले.

ठमीनं एकच मागितलं होतं. "आत जायच्या आधी मला तुम्ही दोघं दिसायला हवेत. तुम्हाला बघितल्याशिवाय मी ट्रॉलीवर चढणार नाही. डॉक्टरांनाही तसं सांगून ठेवलंय."

खरं तर ते आधीच पोचायचे होते. पण निघायच्या आदल्या दिवशी साहेबांचं बीपी वाढलं आणि तिकिटं पुढं ढकलली गेली. आता सकाळचं विमान, आणि तेही उशिरा आलेलं. तरी हातात दोन तासांहून जास्त वेळ होता. ठमीनं फोनवर तीनतीनदा बजावलं होतं, "विमानतळाच्या खालूनच ट्रेन सुटते. थेट मुख्य स्टेशन. समोर रस्ता ओलांडला की हॉस्पिटल. दुसरं काही बघू नका."

बॅगा आल्या. बाईंनी छोटी उचलली, साहेबांनी मोठी ओढली. सरकत्या दारातून दोघं बाहेरच्या मोठ्या दालनात आले. समोरच बाण होता आणि त्याच्याखाली ट्रेनचं चित्र.

"चला," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"खाली. ट्रेन."

साहेबांनी मान हलवली. "तुझे गुडघे बघ आणि ते जिने बघ."

"सरकता जिना आहे तो."

"मध्येच बंद पडला म्हणजे? आणि तिकडं उतरल्यावर? स्टेशनातून बाहेर पडायला किती चालावं लागतं, ठमीला काय कळतंय, ती तरणी पोरगी आहे. टॅक्सी बरी. दारात सोडेल."

बाईंनी उसासा सोडला. टॅक्सी तर टॅक्सी, लवकर मिळाली म्हणजे झालं. दोघं बाहेर आले. रांग होती, पण भराभर सरकत होती. त्यांचा नंबर आला. एक पांढरी गाडी पुढं आली, ड्रायव्हर उतरला, त्यानं मोठ्या बॅगेला हात घातला, तेवढ्यात साहेब मागच्या चाकापाशी वाकले.

"हे टायर कधी बदललं होतं?"

"चांगलं आहे साहेब."

"चांगलं? अहो, नक्षी तरी राहिलीय का त्याच्यावर? मी आयुष्यभर अपघातच तपासलेत. असल्याच टायरनं माणसं मेलेली आहेत."

"अहो, चला ना," बाई म्हणाल्या.

"तू थांब. ही गाडी नको."

ड्रायव्हरनं बॅग खाली ठेवली, खांदे उडवले आणि मागच्या माणसांना घेऊन निघून गेला. दुसरी गाडी आली. तिचं टायर बरं होतं. पण ड्रायव्हरनं जांभई दिली.

"रात्रपाळी करून आलाय हा," साहेब बाईंच्या कानाशी म्हणाले. "डोळे बघ त्याचे. नको."

तिसऱ्या गाडीत धुराचा वास येत होता. चौथ्या ड्रायव्हरनं विचारलं, "कोणतं हॉस्पिटल?" त्यावर साहेब म्हणाले, "याला हॉस्पिटलच माहीत नाही," आणि रांग सोडून चालायला लागले. मागची माणसं चिडली होती. एक बाई तर उघडच म्हणाली, "जायचं नसेल तर घरी बसावं माणसानं."

भूगोलाच्या बाईंचे कान लाल झाले. त्या साहेबांच्या मागोमाग गेल्या. साहेबांचं तोंड घामानं डबडबलं होतं, म्हणून त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. "दोन घोट घ्या. बीपी वाढेल. अहो, कशानंही जाऊ, पण जाऊ या."

"बस आहे ना. बस सगळ्यात सुरक्षित. मोठं वाहन."

बसच्या थांब्यावर बस उभी होती. इंजिन चालू, दार उघडं. बाई पायरीवर चढल्यासुद्धा. मागून साहेब म्हणाले, "मी जरा जाऊन येतो. वाटेत कुठे सोय नसणार."

"आत्ता?"

"आत्ता नाही तर काय बसमध्ये?"

बाई उतरल्या. बसचं दार मिटलं. साहेब आरामात जाऊन आले आणि रुमालानं एकेक बोट पुसत म्हणाले, "पुढची येईल की."

दोघं पुन्हा दालनात आले. बाईंनी तिथल्या घड्याळाकडे बघितलं. पाऊण तास गेला होता आणि ते अजून विमानतळाच्या दारातच होते. छातीत काहीतरी कढायला लागलं होतं. पण हे नेहमीचंच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. हा माणूस भाजीच्या दुकानातही असाच करतो. एक टोमॅटो घ्यायला दहा दाबून बघतो.

"ठमीला फोन लावा," त्या म्हणाल्या. "माझा फोन द्या, मीच लावते."

बाईंचा फोन साहेबांच्या काळ्या बॅगेत होता. तपासणीच्या वेळी साहेबांनी दोघांचे फोन, पाकिटं, ओळखपत्रं गोळा करून त्या बॅगेत घातली होती आणि बॅग गळ्यात अडकवली होती. तू कुठेतरी विसरशील, असं म्हणाले होते.

"मी लावतो. इथे फार गोंगाट आहे. तू बॅगांपाशी बस, मी बाहेरून बोलून येतो आणि जाता जाता गाडीचंही बघतो."

बाई खांबाजवळच्या बाकड्यावर बसल्या. समोर काच होती. काचेपलीकडे साहेब फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते. एवढ्यात बाईंच्या लक्षात आलं की हॉस्पिटलचं दार कोणतं आणि मजला कितवा, हे ठमीला नीट विचारायला हवं. त्या दोन्ही बॅगा ओढत दारापर्यंत गेल्या. दार आपोआप उघडलं. साहेबांची पाठ त्यांच्याकडे होती.

"अगं ठमे, गाडीच मिळत नाहीये," साहेब सांगत होते. "ही एवढी मोठी रांग आहे. मारामारी चाललीय नुसती... ट्रेन? ट्रेन बंद आहे म्हणे आज... हो, आई बसलीय, तिचे गुडघे दुखतायत... नाही, नाही, तू अजिबात घाई करू नकोस. डॉक्टरांना सांग, माझे आईवडील आल्याशिवाय नाही. आज नाही जमलं तर नाही. पुढची तारीख घ्या म्हणावं. त्यात काय एवढं?"

त्यांच्यासमोर टॅक्स्यांची रांग लागली होती. माणसांची रांग नव्हतीच. सगळी गर्दी केव्हाच पांगली होती. ड्रायव्हर गाड्यांना टेकून गप्पा मारत उभे होते. मघाचा जांभई देणारा फेरी मारून परतसुद्धा आला होता.

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांना एकदम मातीची भांडी करणारा तो माणूस आठवला. त्याची भट्टी कोसळली होती. दाव्याच्या पैशांसाठी तो त्यांच्या घरी यायचा, चपला दाराबाहेर अगदी कडेला काढायचा. साहेब त्याला कधी नाही म्हणाले नाहीत. "तुमचं काम होणारच आहे हो," असंच म्हणायचे. फक्त आणखी एक पावती आणा. मग आणखी एक सही. मग फोटो, पण दिवसाउजेडी काढलेला. एकदा तो गेल्यावर साहेब बाईंना म्हणाले होते, "नाकारलं की माणूस भांडतो. लांबवलं की थकतो." तेव्हा बाई त्याचा चहाचा कप विसळत होत्या, आणि त्या काही बोलल्या नव्हत्या.

टायर. जांभई. धूर. गुडघे.

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते बाईंना त्या क्षणी कळलं. खरोखरच पायापासून काहीतरी वर चढत आलं आणि डोळ्यांपुढचं सगळं लख्ख दिसायला लागलं.

"फोन द्या," त्या म्हणाल्या.

साहेब दचकून वळले. फोन पटकन बंद केला. "अगं, तू कशाला उठलीस? मी आत्ता ठमीशी..."

"ऐकलं मी. फोन द्या. माझाही द्या. माझं पाकीट द्या."

"आवाज हळू कर. लोक बघतायत."

"बघू देत. ट्रेन बंद आहे? कोण म्हणालं?"

"तसं एकजण म्हणत होता..."

"कोण? दाखवा मला."

साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. कचेरीतला चेहरा गळून पडला आणि खालून एक म्हातारा, चिडलेला माणूस बाहेर आला.

"हो, केलं मुद्दाम," ते म्हणाले. "काय चुकलं? चांगली धडधाकट मुलगी माझी. तिला कापायला देऊ? कुणासाठी? नणंदेसाठी! उद्या हिला काही झालं तर ती नणंद आपल्याला मुलगी परत देणार आहे का?"

"मग हे ठमीला सांगितलंत कधी?"

"तिनं ऐकलं असतं?"

"मी काय विचारतेय? सांगितलंत कधी? मी महिनाभर त्या पोरीशी भांडले. घसा बसला माझा. तुम्ही शेजारच्या खोलीत बसून ऐकत होतात. एकदा तरी आत येऊन म्हणालात, की तुझी आई म्हणते ते बरोबर आहे? नाही! तुम्ही थोर विचार म्हणालात! वाईट मी झाले, चांगले तुम्ही राहिलात. आणि आता इथे टायर तपासताय!"

"माझा भाऊ..." साहेबांचा आवाज फाटला. "माझा भाऊ असाच हसत आत गेला होता. साधं अपेंडिक्स होतं. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. मी होते तिथे. मला काय भीती वाटत नाही? मीही जीव मुठीत धरूनच बसलेय गेला महिनाभर. पण तिनं आत जावं की नाही, हे तिला ठरवू दे ना! तुम्ही तिला ठरवूच देत नाही आहात. आपल्याला गाडी मिळाली नाही म्हणून तिची नणंद मरेल, आणि ठमी जन्मभर समजेल की नशीबच खराब होतं. हे करायचंय तुम्हाला?"

साहेबांनी काळी बॅग छातीशी धरली.

"बॅग द्या."

"नाही. तू एकटी कुठे जाणार? तुला काही कळतं का यातलं?"

या वाक्यानं मात्र उरलीसुरली भीड गेली. बाईंनी बॅगेचा पट्टा धरला आणि ओढला. साहेबांनीही ओढला. दोन पांढऱ्या केसांची माणसं विमानतळाच्या दारात एका बॅगेवरून झटापट करताहेत, हे बघून एक सुरक्षारक्षक धावत आला.

"बाई, काही अडचण आहे का?"

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "हा माझा नवरा आहे. हीच अडचण आहे. माझा फोन आणि माझं पाकीट याच्या बॅगेत आहे आणि हा देत नाहीये."

लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांनी साहेबांना कधी चारचौघांत अरेतुरे केलं नव्हतं. चारचौघांत काय, एकटं असतानाही नाही. साहेबांचा हात आपोआप सैल पडला.

"द्या हो त्यांचं त्यांना," रक्षक म्हणाला.

बाईंनी बॅग उघडली, आपला फोन, पाकीट आणि ओळखपत्र काढलं, बॅग साहेबांच्या हातात परत दिली. छोटी बॅग उचलली. मोठी तिथेच ठेवली.

"यायचं तर ये," त्या म्हणाल्या. "नाहीतर मोज टायर."

सरकता जिना नीट चालू होता. खाली तिकिटाचं यंत्र होतं. त्यावर शहराचा नकाशा, रंगीत रेघा आणि ठिपके. बाईंनी एका दमात वाचला, बोटानं मुख्य स्टेशन दाबलं. तिकीट बाहेर पडलं. रागाच्या भरात ते दोनदा हातातून खाली पडलं. फलाटावर गाडी उभीच होती. त्या चढल्या, दाराजवळच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. दार मिटता मिटता त्यांना जिन्यावर साहेब दिसले, मोठी बॅग पायरीपायरीला सावरत खाली येणारे. गाडी सुटली. बाईंनी मान वळवली.

त्यांनी ठमीला फोन लावला.

"आई? अगं, बाबा म्हणाले गाडीच..."

"मी ट्रेनमध्ये आहे. एकटी. अर्ध्या तासात पोचते."

"एकटी? बाबा कुठेत?"

बाईंनी डोळे मिटले. साहेबांना पाठीशी घालणारं एखादं वाक्य नेहमीप्रमाणे जिभेवर तयार होतं. बाबांना बरं वाटत नाही. बाबा मागून येतायत. अशी वाक्यं त्यांनी शेकड्यानं वापरली होती.

"ठमे, गाड्या होत्या," त्या म्हणाल्या. "भरपूर होत्या. ट्रेनही चालू होती. तू आत जाऊ नयेस असं तुझ्या बाबांना वाटतंय. तुझी वेळ टळावी म्हणून ते तिथे रेंगाळत होते."

मग ठमी म्हणाली, "म्हणजे बीपीसुद्धा?"

हे बाईंच्या डोक्यात आलं नव्हतं. आता आलं. "ते त्यांनाच विचार," त्या म्हणाल्या. "पण तू मला एक सांग. तुला थांबायचंय का? थांबायचं असेल तर थांब. कुणाला घाबरू नकोस, मी येऊन सगळ्यांशी बोलते. पण आम्हाला गाडी मिळाली नाही म्हणून थांबू नकोस."

"ये तू आधी," ठमी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

हॉस्पिटलच्या खोलीत दोन पलंग होते, मध्ये पडदा, तो सरकवलेला. एका पलंगावर ताई बसली होती. चेहरा मातकट, पाय सुजलेले. दुसऱ्या पलंगावर ठमी, पाठीमागे बंद असलेला हिरवा डगला घालून. जावई खिडकीशी नखं खात उभा होता. बाई आत आल्या तेव्हा दोघींचं जोरात भांडण चाललं होतं.

"मला नको," ताई म्हणत होती. "जिच्यासाठी तुझे वडील विमानतळावर अडून बसलेत, ती किडनी मला नको. मी काय चोर आहे?"

"ताई, आता तुम्ही सुरू करू नका हं," ठमी ओरडली. "आधीच एक जण पुरे आहे!"

आईला बघताच ती उठली, गळ्यात पडली आणि रडायच्या ऐवजी दात ओठ खाऊन म्हणाली, "असं कसं करू शकतात गं ते?" तिची पाठ थोपटताना बाईंना कळलं, की पोरीला भीतीही आहे. पण ती रागाखाली कुठेतरी दबून गेली होती.

नर्स दोनदा डोकावून गेली. मोठे डॉक्टर येऊन ठमीला बाजूला घेऊन गेले आणि त्यांनी तिला एकटीला विचारलं की तिला नक्की काय हवंय. ती परत आली, पलंगावर बसली. तेवढ्यात दार ढकलून साहेब आत आले.

ते पुढच्या ट्रेननं आले होते. शर्ट भिजला होता, मोठ्या बॅगेचं हँडल तुटून हातात आलं होतं. त्यांनी आधी बाईंकडे बघितलं. बाईंनी बघितलं नाही.

"बाबा," ठमी म्हणाली. "आता बोला."

"ठमे, अगं, काय झालं, की तिथे..."

"गाडीचं नको. दुसरं बोला. जे महिनाभर बोलला नाहीत ते."

साहेब दाराशीच उभे होते. ओठ हलले, आवाज आला नाही.

"मोठ्यानं!"

"जाऊ नकोस," साहेब म्हणाले. "तू जावंस असं मला नाही वाटत. माझा भाऊ आत गेला तो परत आला नाही. मला भीती वाटते गं. मला तुझ्या नणंदेचं काही देणंघेणं नाही, मला तू पाहिजेस."

ताईनं मान खाली घातली. जावयानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?" ठमी म्हणाली. "मी भांडले असते तुमच्याशी. आईशी भांडले तशी. रडलो असतो दोघंही. आता हे सगळं पोटात घेऊन आत जायचं का मी?"

"मग नको ना जाऊस. थांब."

"नाही." ठमीनं डगल्याच्या बाह्या सारख्या केल्या. "तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. मी जातेय. आणि तुमच्यावर चिडून जातेय, हे लक्षात ठेवा. उरलेलं भांडण बाहेर आल्यावर."

ट्रॉली आली. ती कुणाचा हात न धरता वर चढली. दाराशी आल्यावर तिनं साहेबांचं बोट क्षणभर पकडलं, जोरात दाबलं, आणि सोडलं. ते प्रेमानं होतं की रागानं, हे बाईंना सांगता आलं नसतं.

मग सगळी दुपार गेली. वाट बघायच्या खोलीत खुर्च्यांच्या दोन ओळी समोरासमोर होत्या. साहेब एकीत बसले, बाई दुसरीत, जावयाशेजारी. साहेबांनी एकदा विचारलं, "चहा आणू?" बाई नको म्हणाल्या. थोड्या वेळानं ते म्हणाले, "अगं, मी जे केलं ते..." बाई म्हणाल्या, "आज नाही." त्यांना खरंच शक्य नव्हतं. दाराच्या त्या बाजूला लेक होती आणि समोर हा माणूस, आणि दोन्हीकडे एकदम बघणं त्यांना जमत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले ते टोपी काढतच. दोघी ठीक आहेत, म्हणाले. किडनीनं आत टेबलावरच काम सुरू केलं. जावई भिंतीला डोकं टेकून हुंदके द्यायला लागला. साहेब उभे राहायला गेले आणि पुन्हा खुर्चीत बसले. बाईंनी ते बघितलं. हात पुढे करावासा वाटला, पण केला नाही. जावयानंच डोळे पुसत येऊन त्यांना उठवलं.

ठमीनं उरलेलं भांडण खरोखरच केलं. ती बसायला लागली त्याच दिवशी. टाक्यांवर उशी दाबून धरायची, कारण मोठ्यानं बोललं की ताण पडायचा, आणि हळू तिला बोलता येत नव्हतं. बीपीचं विचारलं. साहेबांनी कबूल केलं की वाढलं नव्हतं. ते खाली मान घालून ऐकत राहिले. शेजारच्या पलंगावरून ताईनं सगळं ऐकलं आणि शेवटी म्हणाली, "काका, माझ्यावरही राग आहे ना तुमचा?"

"आहे," साहेब म्हणाले.

"कमी होईल?"

"सांगता येत नाही."

ताईला हसू आलं, आणि हसताना टाके दुखले म्हणून तिनं जी शिवी दिली, ती ऐकून नर्सही हसली. तिचा चेहरा आता मातकट राहिला नव्हता.

त्या दिवसांत बाई आणि साहेब लेकीच्या घरी राहत होते. साहेब हॉलमध्ये झोपायचे. बाईंनी घराला लागूनच असलेल्या कारखान्याच्या आतल्या खोलीत, गठ्ठ्यांच्या मधोमध गादी टाकली होती. कामापुरतं बोलणं व्हायचं. पाणी गेलंय. किल्ली कुठे आहे. एका सकाळी साहेब त्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"किती दिवस असं?" त्यांनी विचारलं. "मी घाबरलो होतो. एवढा गुन्हा आहे का तो?"

बाई ठमीचे कपडे घडी करत होत्या. त्यांनी हातातली घडी पूर्ण केली.

"घाबरण्याचा मला राग नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण एकेक शब्द तापलेला होता. "तुम्ही उन्हात उभे होतात, घामाघूम झाला होतात. मला वाटलं, ह्यांना चक्कर येईल. मी तुम्हाला पाणी देत होते. तुम्ही ते प्यालात, आणि मला फसवत राहिलात. मी त्या भांडीवाल्यासारखी तुमच्यामागे एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर फिरत होते. मला तुम्ही दावा मागायला आलेलं माणूस समजलात."

साहेब दाराच्या चौकटीला टेकले. "खरं आहे," ते म्हणाले.

बाई थांबल्या. याच्यापुढे 'पण' येणार हे त्यांना ठाऊक होतं, इतक्या वर्षांत तो कधी चुकला नव्हता. आज तो आला नाही. साहेब तिथेच उभे राहून चष्मा पुसत राहिले.

मग बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि दोघींचे डबे भरले. राग गेला नव्हता, जायला बराच वेळ लागणार होता. साहेबांनी एक डबा उचलला, बाईंनी दुसरा, आणि दोघं हॉस्पिटलपर्यंत चालत गेले.